कारखान्यांच्या गावात ग्रामसभा कुणाची?

मावळ तालुक्यातल्या नवलाख उंबरे गावाचे नाव जगातल्या मोठ्या वाहन कंपन्यांच्या कागदपत्रांत आले आहे. तळेगाव एमआयडीसीच्या विस्तारात जनरल मोटर्सने २००८ मध्ये मोटारींचा कारखाना सुरू केला, तो या गावच्या हद्दीत. डिसेंबर २०२० मध्ये तिथले उत्पादन थांबले. पुढची तीन वर्षे फाटक बंदच होते आणि जानेवारी २०२४ मध्ये ह्युंदाईने कारखान्याचा ताबा घेतला. सुरू करणे, बंद करणे, विकणे हे तिन्ही निर्णय हजारो मैलांवर झाले. गावातला कचरा, गल्लीतला दिवा, नळाचे पाणी आणि जन्माचा दाखला मात्र बघायचा तो ग्रामपंचायतीने. कायदा १९५८ चा, सदस्य सात ते सतराच्या दरम्यान, एक सरपंच आणि एक ग्रामसेवक. २०२४ मध्ये ग्रामसेवकाचे पदनाम 'ग्रामपंचायत अधिकारी' झाले. लोक त्याला भाऊसाहेबच म्हणतात.

विकसनशील देशांतला कारभार कसा असतो, सरकारी सेवा लोकांपर्यंत का पोहोचत नाहीत, यावर जगभर बरेच लिहिले गेले आहे. जागतिक बँक १९९६ पासूनची देशोदेशींच्या कारभाराची मोजमापे सहा निकषांवर प्रसिद्ध करते. तो आकडा संपूर्ण देशाचा असतो आणि बराचसा जाणकारांच्या मतांवर बेतलेला असतो. त्यावरून भारताचा क्रमांक कळतो, पण मावळातल्या आंबी गावाच्या पुढच्या रस्त्यावर खड्डा पडला तर तो कुणी बुजवायचा हे कळत नाही. मला स्वतःला या क्रमवाऱ्यांत फारसा रस नाही. कारभार बघायचा तर एखादी ग्रामपंचायत घ्यावी, आणि तीही गरीब नको. गरीब गावात सेवा नाही याचे कारण पैशावर ढकलता येते. कारखान्यांच्या गावात ती पळवाट नसते.

गरिबांसाठीच्या सेवा नीट का चालत नाहीत, हा जागतिक बँकेच्या २००४ च्या जागतिक विकास अहवालाचा विषय होता. त्यातली मांडणी सोपी आहे. हॉटेलात जेवण वाईट मिळाले तर गिऱ्हाईक दुसऱ्या हॉटेलात जाते, म्हणजे मालकाला लगेच झळ बसते. सरकारी सेवेत असा जवळचा रस्ता सहसा नसतो. लोकांनी मत द्यायचे, निवडून आलेल्यांनी यंत्रणेवर वचक ठेवायचा आणि यंत्रणेने लोकांना सेवा द्यायची, असा लांबचा फेरा असतो. त्यातला एक दुवा जरी निखळला तरी पैसा असून सेवा मिळत नाही. कारखान्यांच्या गावात दोन दुवे निखळतात. एक म्हणजे जबाबदारी इतक्या जणांत वाटली जाते की ती कुणाचीच उरत नाही. दुसरे म्हणजे गावात राहणाऱ्यांपैकी पुष्कळांना मतच नसते.

आधी पहिला दुवा बघू. एमआयडीसी १९६२ मध्ये स्थापन झाली. ती जमीन संपादित करते, भूखंड पाडते, कारखान्यांना पाणी आणि रस्ते देते. सातबाऱ्यावर शिक्के पडले की शेतकऱ्याचा तिच्याशी संबंध येतो तो मोबदल्यापुरता. गावठाण आणि वाड्या ग्रामपंचायतीकडे राहतात. बांधकामाची परवानगी २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे पीएमआरडीएकडे. वीज महावितरणची. गावाला जोडणारे रस्ते काही जिल्हा परिषदेचे, काही सार्वजनिक बांधकाम विभागाचे, औद्योगिक क्षेत्रातले एमआयडीसीचे. सातबारा आणि फेरफार तलाठ्याकडे, आताच्या नावाने ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे. २०१८ पासून पोलीस पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचे, म्हणजे गाव ग्रामीण आणि पोलीस शहरी.

यातले प्रत्येक कार्यालय आपापल्या जागी गरजेचे आहे, हे मान्यच. अडचण येते ती सीमेवर. भूखंडाच्या कुंपणाबाहेर पण गावठाणाच्या आधी जो पट्टा असतो, तिथे चहाच्या टपऱ्या, भाड्याच्या खोल्या, कंटेनरची रांग आणि कचऱ्याचा ढीग हे सगळे असते. हा ढीग कुणी उचलायचा? एमआयडीसी म्हणू शकते की तो आमच्या भूखंडावर नाही. ग्रामपंचायत म्हणू शकते की तो कारखान्यांमुळे झाला आहे. कागदावर दोघांचेही चुकत नाही, आणि ढीग तिथेच राहतो.

पैशाची वाटणीही अशीच गुंतागुंतीची आहे. ग्रामपंचायतीला इमारतींवर कर आकारण्याचा अधिकार कायद्याच्या कलम १२४ ने दिला आहे. नमुना ८ म्हणजे आकारणीची यादी, नमुना ९ म्हणजे मागणीची नोंदवही. ही दोन रजिस्टरे गावाच्या तिजोरीची किल्ली. २०१५ च्या अखेरीस राज्याने आकारणी क्षेत्रफळाऐवजी भांडवली मूल्यावर करायचे ठरवले. मोठ्या कारखान्याचे भांडवली मूल्य ठरवणे हे एका ग्रामसेवकाने करायचे काम आहे, हे कुणाला पटले असेल तर आश्चर्य. कंपनीकडे कर सल्लागार असतात आणि पंचायतीकडे रजिस्टर असते. पुढे २०१९ मध्ये राज्य सरकारने औद्योगिक क्षेत्रातली ही वसुली एमआयडीसीकडे देऊन निम्मी रक्कम ग्रामपंचायतीला आणि निम्मी औद्योगिक क्षेत्राच्या सुविधांना, अशी तरतूद केली. वसुली सुधारण्यासाठी हे बरे असेल. पण कर वसूल करणारा आणि लोकांना उत्तर देणारा वेगळा झाला की करातून मिळणारा वचक जातो. ज्याच्या खिशातून पैसे गेले तो हिशेब विचारतो, हा कारभाराचा जुना अनुभव आहे. इथे मोठा करदाता कंपनी आहे आणि तिला ग्रामसभेत मत नाही. मतदार ज्या पैशाचा हिशेब विचारणार, तो बहुतांशी त्यांच्या खिशातून गेलेलाच नाही.

आता दुसरा दुवा. माझ्या मते खरी गोम इथेच आहे.

पंधराव्या वित्त आयोगाचा निधी ग्रामपंचायतीच्या खात्यात थेट येतो. २०२१ पासूनच्या पाच वर्षांत त्यातला साठ टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला, उरलेला चाळीस टक्के गावाच्या गरजेप्रमाणे. गावोगावच्या वाटणीत लोकसंख्येला मोठे वजन आहे, आणि ती लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची. २०२१ ची जनगणना झालीच नाही. मावळात २०११ नंतर काय काय झाले ते रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसते. तळेगाव, आंबी, नवलाख उंबरे, बधलवाडी या पट्ट्यात कारखाने वाढले तसे विदर्भ-मराठवाड्यातून, बिहार-उत्तर प्रदेशातून कामगार आले, त्यांच्यासाठी खोल्या बांधल्या गेल्या. हे लोक पाणी वापरतात, कचरा करतात, आजारी पडतात, त्यांची मुले शाळेत जातात. निधीच्या हिशेबात मात्र ते नाहीत.

आरोग्याचेही तसेच. सपाट प्रदेशात तीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पाच हजारांमागे एक उपकेंद्र, डोंगरी आणि आदिवासी भागात वीस हजार आणि तीन हजार, हे निकष आहेत. लोकसंख्या जुनीच धरली तर उपकेंद्र मंजूर होण्याचा प्रश्नच येत नाही, मग रांग कितीही लांब असो.

भाडेकऱ्याचे नाव बहुधा मूळ गावच्या मतदारयादीत असते. ग्रामसभेचा सदस्य म्हणजे त्या गावच्या यादीतला मतदार. म्हणून तो ग्रामसभेत बसू शकत नाही, सरपंच निवडू शकत नाही. २०२२ पासून महाराष्ट्रात सरपंच पुन्हा थेट जनतेतून निवडला जातो. म्हणजे सरपंचाला ज्यांची मते हवीत ते लोक गावठाणातले आणि वाड्यांतले, आणि ज्यांना पाण्याची टंचाई सर्वांत जास्त जाणवते ते खोल्यांतले. खोल्यांचे मालक मात्र मतदार असतात. त्यांचे हित भाडे येण्यात आहे; घरपट्टी वाढण्यात नाही. एखाद्या सरपंचाला खोल्यांतल्या माणसांसाठी काही करायचे असले, तरी त्याला त्याचे श्रेय मतांत मिळत नाही आणि खर्चाचा राग मात्र मतांत मिळतो. यात कुणी वाईट असण्याची गरज नाही.

हिवरे बाजार या आदर्श गावाचे उदाहरण अशा वेळी हमखास दिले जाते. पोपटराव पवारांनी तिथे जे केले ते मोठेच आहे. पण ते गाव छोटे, लोक एकमेकांना ओळखणारे, पाणी आणि जमीन सर्वांच्या जिव्हाळ्याची. ज्या गावात निम्मे लोक दर दोन वर्षांनी खोली बदलत असतील तिथे श्रमदानाची हाक कुणाला द्यायची? आदर्श गावांच्या गोष्टी सांगून एमआयडीसीच्या गावांची सुटका होणार नाही.

मग लोकांनी स्वतः लक्ष ठेवले तर? यावर इंडोनेशियात एक फार सुंदर प्रयोग झाला. बेंजामिन ओल्केन या अर्थशास्त्रज्ञाने जावा बेटावरच्या ६०८ गावांत रस्त्याच्या कामांचा अभ्यास केला. काही गावांना आधीच सांगितले की तुमच्या कामाचे सरकारी लेखापरीक्षण नक्की होणार. एरवी ती शक्यता शंभरात चारच्या आसपास असे. काही गावांत लोकांना हिशेबाच्या बैठकीला मोठ्या संख्येने बोलावले. नंतर अभियंत्यांनी रस्ते खोदून आतली खडी-वाळू मोजली आणि कागदावरच्या खर्चाशी ताडून पाहिली. लेखापरीक्षणाच्या धाकाने गळती आठ टक्के बिंदूंनी घटली. लोकसहभागाने सरासरी फारसा फरक पडला नाही. यातला बारकावा असा की, लोक बैठकीला आल्यावर मजुरीच्या पैशातली चोरी कमी झाली, सामानातली नाही. मजुरी स्वतःच्या हातात पडायची असते म्हणून माणूस ती मोजतो. खडीचा थर किती जाड, हे मोजण्यात एकट्याचा फायदा नाही आणि ते मोजायचे कसे हेही ठाऊक नाही. आणखी एक गंमत: लेखापरीक्षणाच्या गावांत कामांवर पुढाऱ्यांच्या नातेवाइकांची भरती वाढली. पैसे खाणे अवघड झाले तर निदान भाच्याला काम द्यावे.

आपल्या ग्रामसभेत बसलेल्या कुणालाही हे ओळखीचे वाटेल. घरकुलाच्या यादीवर गोंधळ होतो, यादीत नाव का नाही यावर आवाज चढतात. गटाराच्या कामाचे मोजमाप पुस्तक, म्हणजे एमबी, बघू द्या असे म्हणणारा क्वचित सापडतो. बऱ्याचदा ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूबच होते. एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतला जो आकडा कमी तेवढे लोक लागतात. तहकूब सभेला तीही अट नसते. म्हणून मला लोकसहभागाच्या भाबड्या जाहिरातींपेक्षा ठरल्या वेळी होणारे, ज्याचा अहवाल फलकावर लागतो असे लेखापरीक्षण जास्त मोलाचे वाटते. लोकांनी तपासावे म्हणायचे तर आधी तपासण्याजोगे काही हाती द्यायला हवे.

हाती दिले तर काय होते, याचे युगांडातले उदाहरण गाजलेले आहे. १९९१ ते १९९५ या काळात सरकारने शाळांना दर विद्यार्थ्यामागे पाठवलेल्या अनुदानातले सरासरी तेराच टक्के शाळेत पोहोचत होते. बाकी मधल्या कार्यालयांत मुरत होते. मग सरकारने जिल्ह्यांना पाठवलेल्या रकमा वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली आणि शाळांना त्या भिंतीवर लावायला सांगितल्या. काही वर्षांत गळती मोठ्या प्रमाणात थांबली. सगळे श्रेय वर्तमानपत्राला द्यावे का, यावर अभ्यासकांत वाद आहे, कारण त्याच सुमारास इतर सुधारणाही झाल्या. पण मुख्याध्यापकाला आपल्याला किती यायला हवे हेच आधी माहीत नव्हते, ही गोष्ट वादातीत आहे.

ग्रामपंचायतीची माहिती आज त्या मुख्याध्यापकाला मिळणाऱ्या माहितीहून कितीतरी उघडी आहे. ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर कोणत्याही ग्रामपंचायतीचा वार्षिक आराखडा आणि वित्त आयोगाच्या निधीतून दिलेली बिले दिसतात. सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या डिजिटल स्वाक्षरीशिवाय पैसे निघत नाहीत. ही स्वाक्षरी ज्या डोंगलमध्ये असते ती कुणाच्या कपाटात आहे यावरून गावात राजकारण होते, ते वेगळे. पण बघणारा भेटला तर बिल लपत नाही.

महाराष्ट्रात काही गोष्टी खरोखर सुधारल्या आहेत. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पंधरा रुपयांत घरबसल्या निघतो, त्यासाठी तलाठी कार्यालयाच्या पायरीवर बसावे लागत नाही. शिक्षकांच्या गैरहजेरीचे देशव्यापी सर्वेक्षण २००३ मध्ये झाले तेव्हा न कळवता दिलेल्या भेटीत देशात सरासरी पंचवीस टक्के शिक्षक शाळेत नव्हते. महाराष्ट्रात हे प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आसपास, देशात सर्वांत कमी, आणि झारखंडात बेचाळीस. ज्या शाळा पक्क्या रस्त्याजवळ होत्या, जिथे तपासणी नियमित होती, जिथे इमारत बरी होती, तिथे शिक्षक जास्त हजर होते. पगार जास्त असल्याने हजेरी वाढलेली दिसली नाही.

आणि २०१५ पासून महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही तर पहिले अपील, दुसरे अपील, मग राज्य आयोग. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड. त्याआधी दफ्तरदिरंगाईविरुद्धचा कायदाही झाला होता, पण त्यात सामान्य माणसाच्या हाती असे हत्यार नव्हते. ग्रामपंचायतीच्या दारावरचा लोकसेवांचा फलक वाचा: जन्म नोंदीचा दाखला, मृत्यू नोंदीचा दाखला, विवाह नोंदणी, थकबाकी नसल्याचा दाखला, नमुना ८ चा उतारा. ही यादी मुख्यतः कागदांची आहे. कागद देण्यात मर्जीचा भाग कमी, नियम सरळ आणि काम संगणकावर होणारे, म्हणून त्याला मुदत घालणे सोपे गेले. नळाला पाणी येणे, गटार तुंबल्यावर ते उघडणे, दिवा बदलणे यांना अशी मुदत नाही, अपील नाही, दंड नाही. जलजीवन मिशनने २०१९ मध्ये माणशी दिवसाला पंचावन्न लिटर हे उद्दिष्ट ठेवले, पण एका दिवशी पाणी आले नाही तर मावळातल्या बाईने नेमक्या कुणाविरुद्ध अपील करायचे?

पाण्यावरून मावळाने मोठी किंमत मोजली आहे. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती महामार्गावर आंदोलन झाले. पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. योजनेचे तांत्रिक गुणदोष काहीही असोत, ज्यांच्या शिवारातून पाणी जाणार होते त्यांना विचारण्याची जागा कारभाराच्या रचनेत नव्हती. ती जागा रस्त्यावर झाली.

अलीकडची घटना इंद्रायणीवरच्या कुंडमळ्याची. १५ जून २०२५, रविवारची दुपार, पावसाळी पर्यटकांची गर्दी, जुना लोखंडी पूल कोसळला. चार जणांचा जीव गेला, पन्नासच्या आसपास जखमी झाले. पूल धोकादायक आहे हे माहीत होते, तसा फलक लावलेला होता. नव्या पुलासाठी निधीही मंजूर झालेला होता. म्हणजे पैसा नव्हता असे नाही आणि माहिती नव्हती असेही नाही. अशा दुर्घटनेनंतर फलक वाचून लोक मागे का फिरले नाहीत, असे विचारले जाते. फलक लावला की कर्तव्य संपले, ही सवय कार्यालयांना कशी लागली हेही विचारायला हवे. पूल कायमचा बंद करायला दोन्ही टोकांना भिंत लागते, आणि भिंत बांधण्याचा आदेश कुणाच्या तरी नावाने निघावा लागतो.

माझे म्हणणे एवढेच की एमआयडीसीच्या गावांसाठी नवी योजना आणण्याआधी तीन साध्या गोष्टी व्हाव्यात. औद्योगिक क्षेत्राची प्रत्येक सीमा, रस्ता, गटार आणि कचरा उचलण्याची जागा कुणाची, याचा नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावा, खाली अधिकाऱ्याच्या पदासह. औद्योगिक कराच्या वसुलीतून गावाच्या वाट्याला किती रक्कम आली, ती दर वर्षीच्या मे महिन्यातल्या ग्रामसभेत वाचली जावी. आणि लोकसेवा हक्काच्या यादीत पाणी आणि स्वच्छतेच्या तक्रारी मुदतीसह घालाव्यात. तिसरी गोष्ट राज्य सरकारच्या हातातली आहे, पहिल्या दोन एखादा सरपंच मनावर घेऊन उद्याच करू शकतो.

एक काम मात्र कुणाची वाट न पाहता करता येते, ते या पट्ट्यात भाड्याने राहणाऱ्या वाचकांसाठी. तुम्ही जिथे नेहमी राहता तिथे मतदार होण्याचा अधिकार तुम्हाला कायद्याने आहे. घर तुमच्या मालकीचे असण्याची अट नाही. मतदारयादीतले नाव हलवायला निवडणूक कार्यालयाचा नमुना ८ लागतो. पंचायतीच्या आकारणी यादीशी त्याचा काही संबंध नाही, योगायोगाने नाव एकच आहे एवढेच. गावच्या निवडणुकीच्या तोंडावर धावपळ करण्यापेक्षा तो आत्ताच भरा. नव्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे; प्रगणक दारात येईल तेव्हा 'आम्ही इथले नाही' असे सांगून त्याला परत पाठवू नका.